मागची खोली कुणासाठी

३ मार्च, सोमवार

आज फेल्डहोवनमधल्या लांबट बागेच्या घराचं व्ह्यूइंग. गिऱ्हाईक पुण्याचं जोडपं. पुढचं घर दोघांनी भराभर उरकलं आणि सरळ बागेतून मागच्या खोलीकडे निघाले. मी दारावर टकटक केली. आत पीट आजोबा बटाटे सोलत बसलेले. घरमालकिणीचे वडील, तिथेच राहतात. योसनं, म्हणजे आमच्या घरविक्रीच्या ऑफिसच्या बॉसनं, त्यांना कालच सांगून ठेवलं होतं की लोक घर बघायला येतील तेव्हा जरा बाहेर कॉफी प्यायला जा. गेले नाहीत. त्यांची खोली, त्यांचे बटाटे.

पुणेकरानं त्यांच्या डोक्यावरून खोली बघितली. पलंग, बाथरूम, खिडकीखाली छोटा ओटा, त्यावर दोन शेगड्या. मग मला मराठीत, ‘आई-बाबा आले की इथे मस्त राहतील, नाही का?’ मी म्हटलं, हो, छान आहे. आजोबा डच, त्यांना मराठी येत नाही, पण आपल्या जागेवर दुसरं माणूस बसवताहेत हे कळायला भाषा लागत नाही. त्यांनी बटाटा पाण्यात टाकला आणि माझ्याकडे बघितलं. मी पडद्यांबद्दल काहीतरी बोलले.

निघताना बायकोनं हळूच विचारलं, ‘मॅडम, भाड्याने पण देता येईल ना?’ म्हणजे आई-बाबा एवढ्यात काही येत नाहीत.

५ मार्च, बुधवार

योसनं जाहिरातीत नवी ओळ घालायला लावली. इंग्रजीत आणि माझ्याकडून, कारण आपले लोक ती वाचून येतात. ‘मागे स्वतंत्र खोली, आई-वडिलांसाठी उत्तम.’ मी म्हटलं, अरे, ती खोली चालवून घेतली जाते ती आत काळजी घ्यावी लागणारं माणूस आहे म्हणून. आजोबा गेले की नगरपालिकेच्या लेखी ती पुन्हा शेड. चूल काढावी लागेल. योस गोड हसला. ‘आपण उत्तम लिहिलंय. परवानगी आहे असं कुठे लिहिलंय?’

या प्रकाराला इथे मांटलझोर्ख म्हणतात. मांटल म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, शालच म्हणू. झोर्ख म्हणजे काळजी. शालीतली काळजी. आमच्या धंद्यात ती शालजोडीतली होते.

नंतर कॉफी मशीनपाशी योसनं मला ज्ञान दिलं. ‘मेघना, चूल घातली की शेडचं घर होतं. आणि म्हातारं माणूस मागे राहायला आलं की त्याचं स्वतःचं घर बाजारात येतं.’ पीट आजोबांचं जुनं घर योसनंच विकलं होतं. आता मुलीचंही तोच विकतोय, कारण ती नवऱ्यापासून वेगळी होते आहे. एका दगडात दोन पक्षी. आणि हा माणूस प्रत्येक बागेकडे एवढ्या मायेने का बघतो याचं मला आजवर कोडं पडलं होतं!

८ मार्च, शनिवार

योस एका गिऱ्हाइकाच्या घराची चावी द्यायला आमच्याकडे आला. चावी देऊन जायचं की नाही? नाही. बागेत गेला. आमच्या सायकलींच्या शेडभोवती फिरला, भिंतीवर थाप मारली, कुंपणाकडे बघितलं. मी खिडकीतून बघत होते.

खरी गंमत पुढे. शनिवारी सोफ्यावरून न हलणारा नितीन आपण होऊन दोन कप कॉफी करून बागेत गेला. पंधरा वर्षांच्या संसारात मला कॉफी बाहेर नेऊन दिलेली आठवत नाही. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गेले तर दोघं गप्प. मग नि. योसला म्हणतो, ‘मांटलझोर्खला पाण्याची लाइन पुढून आणावी लागेल ना?’

मांटलझोर्ख. अचूक उच्चार. घशातल्या खरखरीसकट. मी हा शब्द घरात कधीच उच्चारलेला नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. लाइन यायच्या आधीच.

९ मार्च, रविवार

विचारलं. सरळ विचारलं, कारण आडून विचारलं तर नि. आडूनच उत्तर देतो.

‘आईसाठी म्हणून विचार करत होतो.’

शेडचं छत गळतंय म्हणून मी दोन हिवाळे ओरडते आहे, तेव्हा याला छत दिसलं नाही. आता एकदम छताखाली आई दिसली.

मी म्हटलं, सासूबाई पाहुण्या म्हणून येतात. तीन महिने राहायचं, मग तीन महिने बाहेर. कायमचं राहायची परवानगी त्यांना मिळत नाही, हे तुला माहीत आहे. मग निम्म्या वर्षासाठी बांधकाम कशाला? आपली वरची खोली आहे की.

‘बघू.’

यांच्या घराण्यात ‘बघू’ म्हणजे बघून झालेलं असतं.

आमची इरा मधेच डचमध्ये म्हणाली, आजी शेडमध्ये राहणार? मग माझी सायकल कुठे? पोरीला मराठी सगळं कळतं, सोयीचं तेवढंच जास्त लवकर कळतं.

१५ मार्च, शनिवार

सा.बा.ना व्हिडिओ कॉल. मंदार, माझा धाकटा दीर, कल्याणहून त्यांच्याकडे आलेला. नेहमीप्रमाणे त्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये खुर्चीत बसल्या होत्या, पण मागची भिंत रिकामी. सासऱ्यांचा फोटो गेला. खिळासुद्धा नाही. ‘रंग काढलाय,’ मंदार म्हणाला. आणि उत्साहाने फोन फिरवून घर दाखवायला लागला.

दीर घर दाखवत होता आणि मी बघत होते ते वेगळंच. पडदे पूर्ण उघडे. ओट्यावर मिक्सरसुद्धा नाही, नुसती एका वाडग्यात लिंबं. कमोडचं झाकण खाली. दर खोलीत कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहायचा आणि हळूहळू फोन फिरवायचा, म्हणजे खोली मोठी दिसते. हे मी रोज करते. पोटासाठी करते. राहत्या घरात कुणी लिंबं अशी मांडून ठेवत नाही, लिंबाचं लोणचं घालतात.

मी नि.कडे बघितलं. तो लिंबांकडे बघत होता.

आणि मग या शहाण्याने कळस केला. योसचं वाक्य तसंच्या तसं मराठीत आणून आईच्या पदरात टाकलं. केवढ्या आनंदाने! ‘आई, तुझ्यासाठी परसात वेगळं घर बांधतोय. तुझी स्वतःची वेगळी चूल असेल!’



सा.बा. म्हणाल्या, ‘वेगळी चूल?’ मग, ‘माझं काय चुकलं रे?’

नि.ला कळेचना काय झालं. तो आपला इंडक्शन समजावून सांगत बसला. सा.बा. ‘बरं, बरं’ म्हणाल्या आणि देवाला दिवा लावायचाय म्हणून उठल्या. तिकडे तेव्हा दुपार होती.

१६ मार्च, रविवार

सकाळी नि.ला सांगितलं, वेगळी चूल मांडून देणं म्हणजे आपल्यात काय असतं. घर फुटणं. आणि परसात कुणाला ठेवायचे हे तुझ्या आईने तिच्या लहानपणी बघितलेलं आहे. महिन्याचे चार दिवस बाहेर बसणाऱ्या बाया तिथे बसायच्या, ताट लांबून सरकवायचे. त्यांनीच मला सांगितलंय.

नि.चा चेहरा पडला. खरंच पडला. त्याला इतकंच म्हणायचं होतं की आईला तिच्या हाताचा चहा तिच्या वेळेला करून घेता यावा. मला वाईट वाटलं. पण लिंबं काही डोळ्यापुढून जाईनात.

२२ मार्च, शनिवार

मंदारला मीच फोन केला. ‘घर विकताय का’ असं विचारलं असतं तर तो दादाला विचारून सांगतो म्हणाला असता. म्हणून धंद्यातल्यासारखं बोलले. ‘मंदार, लिंबं छान मांडलीस हं. कितीजण बघून गेले?’

तो खूश. ‘दोघंच हो वहिनी. एकाला तिसरा मजला नको, लिफ्ट नाही ना. दुसरा...’ आणि थांबला. ‘वहिनी, दादाने तुम्हाला सांगितलंय ना?’

सांगितलंय तर. का नाही सांगणार. बायको घरं विकते, तिच्याच घरातलं घर विकायला काढलंय आणि तिलाच पत्ता नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची यांची जुनी खोड.

मला राग आलाय, तो नि.चा की मंदारचा की योसचा ते ठरत नाही. म्हातारं माणूस मागे गेलं की त्याचं घर बाजारात येतं. योसला डोंबिवली कुठे आहे हेही माहीत नाही. तरी वाक्य तिथपर्यंत पोचलं.

आणि वर्षातले जे महिने सा.बा.ना इथून बाहेर काढतील, तेव्हा त्या कुठे राहणार? हा एवढा एकच प्रश्न आहे. तो कुणीच विचारत नाही.

२३ मार्च, रविवार

भांडण. सगळं इथे लिहीत नाही, मला तोंडपाठ आहे.

नि.ची बाजू: आई जानेवारीत जिन्यात पडली. शेजारच्यांनी उचललं. तिने फक्त मंदारला सांगितलं, दादाला सांगू नकोस म्हणाली. मंदारची जूनमध्ये हैदराबादला बदली होते आहे. मग तिच्याजवळ कुणी नाही. फ्लॅट विकायचा, हैदराबादला मंदारजवळ तळमजल्यावर काहीतरी भाड्याने बघायचं, निम्मं वर्ष तिथे, निम्मं इथे मागच्या खोलीत.

‘आणि आईंना विचारलंत?’

‘ती हो म्हणाली.’

‘काय म्हणाल्या? शब्द सांग.’

‘म्हणाली, तुम्ही दोघं म्हणाल तसं.’

हा होकार? आमच्याकडे घराच्या व्यवहारात एखादी विधवा आजी असं म्हणाली तर नोटरीसुद्धा मुलाला बाहेर बसवून पुन्हा विचारतो. इथून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर म्हणायचं, शेळी हो म्हणाली.

नि. रडला. मला त्या रडण्याचाही संशय आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. त्या पडल्या हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी मी विचारते, आई, बऱ्या आहात ना? दर रविवारी त्या म्हणतात, मला काय धाड भरली आहे!

३० मार्च, रविवार. पाडवा.

नि.ने गुढी दारात न उभारता मागे शेडला उभारली. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, साडी वाळत घातली आहे का?

गुढीखाली गवतावर त्याने विटा मांडल्या आहेत, खोलीची रेघ म्हणून. इथे पलंग, इथे बाथरूम. आर्किटेक्टचा आव. श्रीखंड खाताना मला म्हणाला, ‘चूल ठेवायची की नाही?’ मी म्हटलं, चूल नसेल तर ती खोली, असेल तर ते घर, हे तुझ्या योसला विचार. तो म्हणाला, ‘मी तुला विचारतोय.’

मी वाट्या उचलून आत गेले. कारण मला आत खोलवर काय वाटतं ते मलाच आवडलं नाही. मला वाटलं, स्वतंत्र चूल असलेली खोली मागे असेल तर आपलं घर फार पटकन विकलं जाईल. मी जाहिरातीची ओळसुद्धा मनात तयार केली होती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

८ एप्रिल, मंगळवार

लांबट बागेचं घर पुणेकरांनी घेतलं. योसनं केक आणला.

दुपारी मीटरचे आकडे घ्यायला मी गेले तर पीट आजोबा ओट्यावरच्या शेगड्या पुसत होते. जावईबापू येऊन त्या काढून नेणार आहेत. आजोबा तूर्त बहिणीकडे उइटहॉर्नला जाणार. तिच्याकडे जिना आहे. पुढे कुठल्याशा वृद्धाश्रमाच्या यादीत नाव आहे म्हणे.

‘तुमचं स्वतःचं घर छान होतं का?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘तळमजला होता,’ ते म्हणाले. ‘चेरीचं झाड होतं. योस म्हणाला, मुलीजवळ राहाल.’ मग म्हणाले, ‘राहिलो की. खोटं नाही बोलला.’

ऑफिसात येऊन योसला म्हटलं, म्हातारा जाणार कुठे याचा आपण विचार करायला हवा होता. योस म्हणाला, ‘आपला ग्राहक मुलगी आहे, मेघना.’ हेही खोटं नाही. या धंद्यात खोटं कुणीच बोलत नाही, तीच तर पंचाईत आहे.

केक मी खाल्ला. चांगला होता.

२२ एप्रिल, मंगळवार

सा.बा. आल्या. स्खिपोल विमानतळावर व्हीलचेअरवरून बाहेर आल्या आणि आम्हाला बघितल्याबरोबर उठून उभ्या राहिल्या, जणू ती खुर्ची दुसऱ्याच कुणाची. उजवा पाय जपून टाकतात. फेल्डहोवनपर्यंत गाडीत झोपल्या.

घरी चहा झाल्यावर म्हणाल्या, ‘दाखव तुझं ते परस.’ नि. सशासारखा पुढे पळाला. त्या विटांच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. साडी वर धरून, ओल्या गवतात. चारी बाजूंना बघितलं.

‘दार कुठे?’

नि.ने दाखवलं.

‘इकडे नको. इकडून मला तुमच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसत नाही.’

नि. लगेच विटा हलवायला लागला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. सा.बा. एवढ्या सहज? मार्चमध्ये ‘माझं काय चुकलं’ म्हणणारी बाई एप्रिलमध्ये दार कुठे ठेवायचं ते सांगते? मुलाचं मन राखतात की आमची परीक्षा बघतात? इतकी वर्षं झाली, मला त्यांच्या ‘बरं’चा अर्थ लागलेला नाही.

२६ एप्रिल, शनिवार

इरा आणि सा.बा. बागेत. एक मराठीत बोलते, एक डचमध्ये उत्तर देते आणि कुणाचं काही अडत नाही. इराने विटांच्या आत खुर्ची नेऊन ठेवली आहे, आजीसाठी. सा.बा. तिथे बसून मेथी निवडतात. शेजारच्या बाई कुंपणावरून हात करतात. दिसायला फार गोड दिसतं. मी फोटो काढला, आणि काढताना आपोआप कोपऱ्यात पाठ टेकून उभी राहिले. मग पुसून टाकला.

मंदारचा फोन आला होता. एक गिऱ्हाईक पक्कं होतंय. आईची सही हवी. नि. बाहेर जाऊन बोलला. आता माझ्यापासून लपवण्यासारखं काही नाही, तरी बाहेर जाऊन बोलला.

२ मे, शुक्रवार

आज मला सुट्टी. नि. ऑफिसला, इरा शाळेत. सा.बा. आणि मी टेबलाशी मटार सोलत बसलो होतो.

न राहवून विचारलं, ‘आई, बाबांचा फोटो कुणी काढला?’

‘मीच. कपाटात ठेवलाय. परकी माणसं येऊन घरभर हिंडणार, त्यांनी ह्यांच्याकडे कशाला बघायचं?’

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना सगळं माहीत होतं. लिंबं कुणी मांडली विचारणार होते, नाही विचारलं.

सोलता सोलता म्हणाल्या, ‘नितीन म्हणतो चूल ठेवू नको, तुला अपमान वाटतो. अगं, त्या दिवशी वाटला. मग जिना चढताना विचार केला. माझी चूल असेल तर मी कुणाला तरी चहा विचारू शकते. नसेल तर मला सगळे विचारणार.’

मी म्हटलं, मग ठेवू या.

‘थांब.’ त्यांनी शेंग खाली ठेवली. ‘तू घरं विकतेस ना? मग मी तुझं गिऱ्हाईक असं समज. सून म्हणून नको सांगूस, सून काय सांगणार, तिला नवरा आहे. डोंबिवली विकू का?’

मी पुढची शेंग उचलली.

‘आणि उद्या हे घर तुम्ही विकलंत. विकतात माणसं, तू रोजच बघतेस. तेव्हा मागच्या खोलीत जे माणूस असतं, त्याचं काय करतात गं तुमच्यात?’

माझ्या डोळ्यांपुढे पीट आजोबा शेगडी पुसत होते. हे बाईंना कुणी सांगितलं? कुणीच नाही. मी घरात ऑफिसचं काही बोलत नाही. तरी त्यांच्या चेहऱ्यावर मी शोधत राहिले, हा टोमणा आहे का, ही परीक्षा आहे का, मला नि.च्या विरुद्ध उभं करायचंय का. काही सापडलं नाही. त्या खरंच विचारत होत्या. माझ्याकडे घर बघायला येणारी माणसं विचारतात तसं, थोडं घाबरून, आणि मी खरं सांगेन या विश्वासाने. त्या विश्वासाचीच मला भीती वाटली.

बोळात सायकलची घंटा वाजली. शुक्रवारी नि. लवकर येतो.

‘सांग लवकर,’ सा.बा. म्हणाल्या, ‘तो यायच्या आत.’

मागचं फाटक उघडल्याचा आवाज आला. मी मटार सोलत राहिले. त्यांनी सोलायचं केव्हाच थांबवलं होतं.